डावीकडे वळणारा कॅमेरा

१

रविवारी पहाटेची नमाज उरकली की एंगकोस हेल्मेट मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचा, आणि मग त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. बायको नुनुंग कॉफीचा पेला शेजारी ठेवून मुकाट्याने आत वळायची. हेल्मेटवर कॅमेरा बसवण्याच्या या एका कामाने त्या सरळमार्गी माणसाच्या नाकी नऊ आणले होते.

आधी त्याने कॅमेरा हेल्मेटच्या टाळूवर चिकटवला. पहिल्याच फांदीने तो उडवला. मग कानाच्या बाजूला लावला, तर मान एका अंगाला ओढली जायची आणि चित्रात अर्धं आभाळ. शेवटी जाणत्या लोकांनी सांगितलं, रानात मोटारसायकल घालणाऱ्याने कॅमेरा हनुवटीसमोर लावावा; हँडल दिसतं, हात दिसतात, पुढची वाट दिसते. तसंही केलं. हेल्मेट स्पिरिटने पुसलं, चिकट पट्टी गरम करून दाबली, रात्रभर हात म्हणून लावला नाही.

आणि एवढं करून ये रे माझ्या मागल्या! चहाच्या मळ्यात चित्र झकास यायचं. पुढे लेकीची, रिनरिनची पिवळ्या जर्सीतली पाठ, दोन्ही बाजूंना चहाची झुडपं, सगळं जिथल्या तिथे. पण लेगोक पाकू आलं की घोडं पेंड खायचं. तिथे वाट एका घळीच्या काठाकाठाने जाते आणि डाव्या हाताला खाली नुसतं नेच्यांचं रान आहे. त्या जागी चित्र हळूहळू डावीकडे सरकायचं. हँडल जायचं, वाट जायची, रिनरिन जायची. उरायचे नेचे. घळ संपून पाइनच्या झाडांत शिरलं की चित्र परत समोर.

आता सैल झालेली वस्तू लोंबते, नाहीतर पडते. आपण होऊन जागेवर परत येत नाही. एंगकोसचं अर्धं आयुष्य वाकडी चाकं सरळ करण्यात गेलेलं, त्याला हे कळायला हवं होतं. पण तळपायाची आग मस्तकात गेलेल्या माणसाला काय कळतं? तो पट्टीच्या कंपनीला शिव्या देत बसला.

एवढा जीव जाळण्याचं कारण एकच होतं. रिनरिन महिनाभरात जपानला निघाली होती, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरीला. तीन वर्षं परत येणं नाही. एकुलती एक पोर. तिने जाताना सोनं मागितलं नाही, कपडे मागितले नाहीत. म्हणाली, "अबाह, आपली एक फिल्म द्या मला. तुम्ही मागे, मी पुढे. तिकडे करमलं नाही की बघेन."

एवढी एक गोष्ट, आणि बापाला ती जमेना.

२

"कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस," बुबून म्हणाला. हा त्यांच्या टोळीचा म्होरक्या. गाड्या निघाल्या की सगळ्यांत पुढे तो, आणि सगळ्यांत मागे एंगकोस. मागच्याला आमच्याकडे बुंतुत म्हणतात, म्हणजे शेपूट. शेपटाचं काम एकच, आपल्या मागे कुणी राहू द्यायचं नाही. कुणाची गाडी बंद पडली, कुणी घसरलं, तर शेपूट थांबणार. शेपटाला मागे टाकून बाकीचे गेले तरी चालतं, पण शेपटाने कुणाला मागे टाकलं असं आजवर घडलं नव्हतं. एंगकोसला त्याचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवलाही नव्हता.

"मग कुणाला दोष देऊ? तुझ्या सासऱ्याला?" एंगकोस आपल्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात ॲल्युमिनियमची पट्टी वाकवत म्हणाला.

"तुझ्या मानेला दे. लेगोक पाकूला कुणी ओळखीची बाई बसते का रे खाली? नेमकी तिथेच मान वळते!"

"पेताक," एंगकोसने नुसती एक सुंदानी शिवी घातली आणि पाना फेकायचा आव आणला.

त्याने आता चिकटवाचिकटवीला रामराम ठोकला होता. सरळ हेल्मेटच्या हनुवटीला ड्रिलने भोकं पाडली. नुनुंग दारातून ओरडली, "अहो, धडधाकट हेल्मेटाला भोकं? उद्या डोकं आपटलं म्हणजे?" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पट्टी बोल्टने आवळली, त्यावर कॅमेरा आवळला. आणि मग खरं कारागिराचं काम केलं. रिनरिनची लाल नेलपॉलिश घेऊन बोल्ट, पट्टी आणि हेल्मेट यांच्यावरून एक सलग रेघ ओढली. इंजिनाच्या बोल्टवर आम्ही अशी रेघ मारतो. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, मग खोटं बोलायला जागा उरत नाही.

"माझी महागाची बाटली!" रिनरिन त्याच्या पाठीवर धपाटा घालत म्हणाली. "अबाह, भरपाई म्हणून फिल्मला गाणं पण घालायचं हं."

"आधी तू दिसू दे त्यात," तो म्हणाला.

३

त्या रविवारी नऊ गाड्या निघाल्या. मळ्यात धुकं होतं, पण विरळ. रिनरिन नेहमीसारखी त्याच्या पुढे. तिची गाडी त्याने स्वतः बांधलेली, टाकीवर तिने लहानपणी चिकटवलेलं मांजर अजून होतं. एंगकोसने आज जाणूनबुजून अंतर कमी ठेवलं. मान ताठ. डोळे पिवळ्या पाठीवर. कुठेही वळायचं नाही असं त्याने मनाशी घोकलं होतं, कारण बुबूनची थट्टा त्याला कुठेतरी लागली होती.

लेगोक पाकू आलं. वाट ओली होती. खालच्या नेच्यांवर ऊन पडलं होतं आणि त्यातून वाफ निघत होती. अशा जागेवरून जाताना आमच्यातला प्रत्येक जण तोंडातल्या तोंडात 'पुंतेन' म्हणतो. कुणाच्या समोरून जायचं असेल तर हाच शब्द, जरा वाट द्या म्हणून. समोरचा म्हणतो 'मंग्गा', या, जा. रानात अर्थातच कुणी मंग्गा म्हणत नाही. म्हणू नये अशीच अपेक्षा असते.

एंगकोस पुंतेन म्हणाला. पिवळी पाठ पुढे हलत राहिली. एका दगडावर तिचं मागचं चाक जरा सटकलं, पुन्हा सावरलं. मग पाइनची झाडं आली, आणि त्यांच्या पलीकडे चहाची टपरी.

टपरीवर त्याने गाडी लावली आणि रिवाजाप्रमाणे मोजलं. नऊ गाड्या, नऊ हेल्मेटं, सगळी माणसं चिखलाने माखलेली आणि भुकेली. बाला-बाला, म्हणजे भाज्या घातलेले वडे, तळले जात होते. रिनरिनने बुबूनच्या ताटलीतला एक उचलला, बुबूनने बोंब मारली. एंगकोसने सगळ्यांत आधी हेल्मेट उलटं करून रेघ पाहिली.

अखंड. केसभरसुद्धा तुटली नव्हती.

"झालं!" तो इतक्या जोरात ओरडला की टपरीवाली दचकली. "हलला नाही! आता दाखवतो तुला, बुबून, कुणाची मान वाकडी ते!"

घरी येऊन त्याने दोन्ही गाड्या धुतल्या, रिनरिनची अगदी फडक्याने पुसून काढली. मान दुखत होती. दर रविवारी दुखायची. नुनुंगने बाम चोळला आणि फिल्म न बघताच तो खुशीत झोपून गेला.

४

सोमवारी सकाळी दुकान उघडून त्याने फोनवर ती फिल्म लावली. मळा आला. धुकं आलं. रिनरिनची पाठ, किती सुंदर! त्याला भरून आलं. मग लेगोक पाकू आलं, आणि चित्र डावीकडे सरकायला लागलं.

त्याने हातातला पेचकस भिंतीवर फेकून मारला.

"हलला नाहीस ना? मग हे काय आहे?" तो हेल्मेटवर खेकसला. पुन्हा रेघ पाहिली, नखाने खरवडून पाहिली. बोल्ट हलवून पाहिला. दगडासारखा घट्ट. कॅमेरा हलला नव्हता, पट्टी हलली नव्हती. हेल्मेट डोक्यावर फिरलं म्हणावं, तर हनुवटीचा पट्टा इतका आवळला होता की गळ्यावर वळ उठला होता.

मग उरलं काय? डोकं.

त्याने हेल्मेट घातलं. आरशासमोर उभा राहिला आणि चित्रात जेवढं डावीकडचं दिसत होतं तेवढं दिसेपर्यंत मान वळवली. हनुवटी खांद्याला टेकली. आणखी वळवली, तेव्हा मानेच्या त्याच शिरेत कळ आली जिथे काल बाम चोळला होता.

ओल्या दगडांवर, घळीच्या काठावर, मान अशी पाठीमागे वळवून कुणी गाडी चालवतं का? आणि चालवलीच, तर त्याला आठवत कसं नाही? त्याला तर सगळा वेळ समोरची पिवळी पाठ आठवत होती.

आजवर त्याने फिल्मचा आवाज कधीच ऐकला नव्हता. हेल्मेटमधला श्वास आणि इंजिनाची घरघर ऐकून काय करायचं, म्हणून तो बंदच ठेवायचा. आता त्याने आवाज चढवला आणि जुन्या फिल्मा आधी काढल्या.

पहिलीत, चित्र नेच्यांवर असताना, खूप लांबून कुणीतरी म्हणालं, "पुंतेन."

त्याच्या पुढच्या रविवारच्या फिल्ममध्ये तेच, जरा जवळून. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी जवळून. इंजिनाच्या एवढ्या गोंगाटात हळू बोललेला शब्द ऐकू येऊच नये, पण येत होता. स्वच्छ, मर्यादशीर, थोरामोठ्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याने म्हणावा तसा. बाईचा म्हणावा तर बाईचा, पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा.

"कुणीतरी गवत कापणारा असेल," एंगकोस स्वतःशी म्हणाला. "दर आठवड्याला तिथे असतो. वाट मागतो, झालं." स्वतःचंच म्हणणं त्याला पटेना, आणि पटत नाही म्हणून तो आणखी चिडला.

मग त्याने कालची फिल्म पुन्हा लावली.

रिनरिनचं मागचं चाक दगडावर सटकलं. इथवर त्याला आठवत होतं. पण फिल्ममध्ये ते सावरलं नाही. गाडी डावीकडे गेली, काठावरून खाली. पिवळी जर्सी नेच्यांत पडली. एक हात वर आला. चित्र त्या हाताबरोबर डावीकडे वळलं, मागे वळत राहिलं, आणि गाडी चालतच राहिली.

"पुंतेन," अगदी त्याच्या कानाशी.

"मंग्गा," एंगकोसचा स्वतःचा आवाज म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो म्हणतो तसा, सवयीने, अगदी सहज.

गाडी जरा बाजूला झाली. त्याच्या आणि घळीच्या मधून काहीतरी पुढे गेलं. क्षणभर सगळ्या चित्रात चिखलाने भरलेली पिवळी बाही. इंजिनाचा दुसरा आवाज नाही. मग चित्र समोर आलं, आणि समोर पिवळी पाठ होती, टाकीवर मांजर असलेली गाडी होती, सगळं जिथल्या तिथे.

आणि मागून, खालून, लांब लांब जात रिनरिनचा आवाज. "अबाह! अबाह, थांबा ना! अबाह!"

फिल्ममधला एंगकोस शीळ घालत होता.

५

त्याने बुबूनला फोन केला. "काल किती होतो आपण?"

"नऊ. तूच मोजलेस की! का रे?"

"रिनरिन होती ना टपरीवर?"

"होती म्हणजे? माझ्या ताटलीतला बाला-बाला काय मांजराने नेला? एंगकोस, फिल्म परत बिघडली वाटतं तुझी. सोड तो नाद, लेका, वेड लागेल!" आणि तो हसत सुटला. एंगकोसने फोन ठेवला. सांगणार तरी काय होता?

घर दुकानाच्याच मागे. तो आत गेला. रिनरिन आतल्या खोलीत बॅग भरत होती, तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. त्याने नुनुंगला स्वयंपाकघरात गाठून फोन तिच्या कानाशी धरला.

ओले हात फडक्याला पुसत तिने ऐकलं. "काय घरघर नुसती. ही तर रिनरिन. हाका मारतेय तुम्हाला. थांबलात ना?"

"नाही थांबलो."

"थांबला असाल. म्हणून तर आली ना घरी!" ती पुन्हा मिरचीचं सांबाल वाटायला लागली. "तुमचं आपलं काहीतरीच. बाकी पोरगी कालपासून किती शहाण्यासारखी वागतेय बघा. सकाळी माझ्या समोरून गेली तर वाकून, हात खाली करून, पुंतेन म्हणाली. आजवर म्हैस घुसावी तशी घुसायची."

एंगकोस वळला.

मागे कुणीतरी उभं होतं. रिनरिन. गुडघ्यावरचा जुना व्रण, कपाळावरची बट, सगळं तिचंच. त्याने नजर फिरवून फिरवून चूक शोधली आणि एक सापडेना. त्याला स्वतःची लाज वाटली. लेकीकडे असं बघतं का कुणी?

"फिल्म चांगली आली?" तिने विचारलं.

"बिघडली."

"असू दे," ती म्हणाली. "मी आहे ना आता इथे."

त्याने हेल्मेट उचललं आणि दोरखंड खांद्यावर टाकला. नुनुंगने विचारलं, "भर दुपारी कुठे?" तो म्हणाला, वाटेत काहीतरी पडलंय. खोटं नव्हतं ते. नुनुंगला घरातल्या त्या पोरीपाशी एकटं सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण तिला सांगून ती ऐकती का? उलट त्यालाच औषध घ्यायला लावलं असतं. आणि वर लेगोक पाकूला कुणी असेल तर कालपासून वाट बघत असेल.

अंगणात रिनरिनची धुतलेली गाडी उन्हात चमकत होती. मांजर जागेवर होतं.

६

लेगोक पाकूला ऊन होतं, वारा नव्हता. त्याने इंजिन बंद केलं. काठावरची माती सरकलेली होती. घसरल्याची लांबलचक खूण खाली गेली होती आणि नेच्यांचे देठ मोडून काळे पडले होते. त्या खुणेच्या शेवटी, आडवी, चिखलात रुतलेली एक गाडी होती. टाकीवर मांजर होतं.

एंगकोस काठावर ओणवा झाला आणि ओरडला. "रिनरिन!"

नेच्यांत काहीतरी हललं आणि गप्प झालं.

"नेंग! बाळा, मी आलोय! चुकलं गं माझं, मी थांबलो नाही. कुठे आहेस? बोल ना!"

मग अगदी खालून, घसा बसलेला आवाज आला, आणि तो तिचाच होता. एंगकोसचे डोळे भरून आले.

"अबाह?"

"हो! हो, मीच! हलू नकोस, दोर टाकतो."

"खरंच तुम्ही?"

"मग कोण असणार? वेडी कुठली!" रडत रडत तो हसला आणि दोराचं टोक पाइनच्या बुंध्याला बांधायला लागला. गाठ बसेना. त्याने स्वतःच्या बोटांना शिवी घातली.

खाली नेचे हलले. पण वरच्या दिशेने नाही, आणखी खाली.

"नेंग, तिकडे नको जाऊस! तिकडे कडा आहे! इकडे, माझ्याकडे!"

"असंच म्हणता तुम्ही," ती हुंदके देत म्हणाली. "सकाळपासून असंच म्हणताय. येता, हाक मारता, दोर टाकता. मला नाही यायचं."

"मी आत्ता आलोय गं! सकाळी दुकानात होतो मी! थांब, माझं तोंड बघ, म्हणजे पटेल तुला." त्याने दोर सोडला आणि हनुवटीखालच्या पट्ट्याला हात घातला.

"नको!" ती किंचाळली. नेच्यांतून मोठी खळबळ कड्याच्या दिशेने धावत सुटली. "हेल्मेट नका काढू! अबाह, पाया पडते, परत नका काढू!"

एंगकोसचा हात पट्ट्यावर तसाच राहिला. काढलं तर ती उडी मारेल, आणि न काढलं तर तिला कधीच पटणार नव्हतं.